ज्यांचा संबंध असेल त्यांनी बाहेर जावं

आमच्या गावचा ग्रामसेवक प्रणित चंद्रपूरला प्रशिक्षणाला गेला तेव्हा चांगला होता. परत आला तो एक खोड घेऊन. जो दिसेल त्याला विचारायचा, "तुमचा यांच्याशी काही संबंध?" श्रीहरीच्या हॉटेलात श्रीहरीच्या बायकोनं नवऱ्याच्या हातात चहाची किटली दिली, तर यानं विचारलं, "वहिनी, तुमचा यांच्याशी काही संबंध?" तीन लेकरांची माय ती. म्हणाली, "सध्या नाई जी. काल भांडण झालं."

माणसानं शिकावं, मी नाही म्हणत नाही. पण शिकलेलं अंगातून थोडं उतरेपर्यंत त्याला सरकारनं घरी पाठवू नये.

मी बायनाबाई. शाळा तिसरीपर्यंत, कारण चौथीचे गुरुजी मला घाबरायचे. हे मी म्हणत नाही, गाव म्हणतं. आणि या गावच्या घनकचरा व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष आहे. ते अध्यक्षपद मी मागितलेलं नाही, ते मला एका मेलेल्या माणसानं मिळवून दिलं. कसं, ते सांगते.

आमच्याकडे धान निघालं, शेताच्या बांध्या मोकळ्या झाल्या की नाटकं सुरू होतात. वडशाहून कंपनी येते, बांधीत मंडप पडतो, आणि ज्या घरी वर्षभर कुत्रं फिरकत नाही त्या घरीही दहा पाहुणे उतरतात. पोरी पाहायच्या, पोरं दाखवायची, ते सगळं याच दिवसांत. आता आमच्या नाटकाच्या मैदानाला लागून गावाचा उकिरडा. मागल्या साली स्टेजवर बाप मेला. हिरो त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडत होता. बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. तेवढ्यात वारा फिरला. पदर डोळ्यांवरून नाकांवर आले. पहिल्या रांगेतले पाहुणे उठले. आणि तो मेलेला बाप उठून बसला, हिरोच्या उपरण्यात नाक खुपसलं आणि तसाच परत मेला.

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि जे बोलायचं ते बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी मला गप्प करायला समितीची अध्यक्ष केलं. हे औषध आजवर कुणाला लागू पडलेलं मी पाहिलं नाही.

समितीत मी, हॉटेलवाला श्रीहरी, बचत गटाची रुखमाबाई आणि लटारूभाऊ. लटारूभाऊ सगळ्यांत वडील, कानानं चांगले, पण ऐकायचं की नाही ते स्वतः ठरवतात. प्रणित आमचा सचिव. काम एवढंच, की घरोघरचा कचरा उचलून गावाबाहेरच्या खड्ड्यात नेऊन त्याचं खत करायचं, आणि वर्षभराचं हे काम कुणाला तरी एकाला द्यायचं. तीन अर्ज आले. एक चैतूचा, त्याच्याकडे छोटा हत्ती गाडी. दुसरा रुखमाबाईच्या बचत गटाचा, त्यांच्याकडे ढकलगाड्या. तिसरा माझ्याच पोटचा. माझा मुलगा संघपाल, त्याच्याकडे ट्रॅक्टर.

"काऊन रे," मी त्याला म्हटलं, "मी अध्यक्ष असताना तू अर्ज टाकतं?"

"तू अध्यक्ष आहेस म्हणूनच टाकला ना माय!"

"काम तुले भेटणार नाई."

"माय, ट्रॉली रंगवून झाली."

मी अंगणात जाऊन पाहिलं. ट्रॉलीला हिरवा रंग, त्यावर पिवळ्या अक्षरात 'सुंदर माझं गाव', आणि खाली माझं नाव. अध्यक्ष, बायनाबाई. आशीर्वाद म्हणून. मी त्याला जेवण दिलं नाही त्या दिवशी. नूतननं दिलं असेल चोरून. नूतन म्हणजे संघपालची मोठी पोरगी, माझी नात. वडशाला मेडिकलच्या दुकानात कामाला जाते आणि दुपारच्या बसनं परत येते. पोरगी माझ्यावर गेली, फक्त बोलते कमी.

समितीची सभा भरली ती पंचायतीच्या खोलीत. बाहेर थंडीचं कोवळं ऊन, चिंचेचं मोठं झाड, आत सिमेंटचा गारवा. प्रणितनं पहिला अर्ज वाचला.

"अर्जदार चैतू. आता नियम असा आहे, की ज्यांचा अर्जदाराशी संबंध असेल त्यांनी तो सांगावा आणि विषय संपेपर्यंत बाहेर जावं. लटारूभाऊ, तुमचा काही संबंध?"

"माहा साळा होय तो," लटारूभाऊ म्हणाले. या वेळी त्यांनी ऐकायचं ठरवलं होतं.

"मग तुम्ही बाहेर बसा जी."

लटारूभाऊ उठले, काठी घेतली, चिंचेखाली उन्हात जाऊन बसले. दारातून आम्हाला दिसत होते. पाय पसरले, टोपी डोळ्यांवर ओढली. आत आमचे पाय गारठलेले.

"श्रीहरीभाऊ, तुमचा?"

श्रीहरीनं एकदा बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. "त्याच्या गाडीत माह्या हॉटेलचं शिलिंडर येते."

"हा तर आर्थिक संबंध!" प्रणितला इतका आनंद झाला की विचारू नका. प्रशिक्षणात शिकवलेलं असं समोर चालत येईल याची त्यालाही आशा नसावी. श्रीहरी बाहेर.

"रुखमाबाई?"

"दुसरा अर्ज माह्याच गटाचा. चैतूले काम भेटलं तं मले भेटत नाई. मंग संबंध आहे का नाई?"

प्रणित विचारात पडला. प्रशिक्षणाची वही चाळली, मग म्हणाला, "आहे." रुखमाबाई बाहेर.

"अध्यक्ष बाई?"

"आमच्या दोन बांध्या चैतू ठेक्यानं करते. अन् माह्या पोराचाही अर्ज आहे. दोन्हीकडून संबंध आहे. मी दोनदा बाहेर जाऊ का?"

"एकदा पुरे जी."

मी बाहेर आले. चिंचेखाली सतरंजी टाकून ठेवली होती, कुणी टाकली कोण जाणे. श्रीहरीनं हॉटेलातून चहा मागवला. रुखमाबाईनं पदरातून भाजलेल्या शेंगा काढल्या. आणि खरं सांगते, समितीची इतकी चांगली सभा कधीच झाली नव्हती. खड्डा कुठे असावा, ओलं-सुकं वेगळं कुणाच्या घरी होतं, कुणाची सून कचरा शेजारच्या दारात लोटते, सगळं निघालं.

"चैतूच्या गाडीत कचरा नेला तं माहं शिलिंडर कशात येईन?" श्रीहरी म्हणाला.

"तुह्या शिलिंडरच्या वासानं कचराच पळून जाईन," रुखमाबाई म्हणाली.

आतून प्रणितचा आवाज आला, "कोरम नाई! कुणीतरी आत या!"

"कसं येऊ साहेब," लटारूभाऊंनी टोपीखालून उत्तर दिलं, "आमचा संबंध आहे ना!"

तो खिडकीशी आला. आम्ही चौघं उन्हात, हातात कप. तो एकटा आत, थंडीत, ठरावाच्या वहीसमोर. तेवढ्यात नूतन बसवरून उतरून येत होती. तिनं पाहिलं, श्रीहरीच्या किटलीतून एक कप भरला आणि सरळ आत नेऊन दिला. मला बरं वाटलं. आमच्या घरचं वळण आहे ते. माणूस कितीही वैतागवाणा असला तरी चहावाचून ठेवायचा नाही. कप परत आणायला तिला बराच वेळ लागला. मी म्हटलं, चहा गरम असेल.

तीन अर्ज, तीन वेळा हेच झालं. प्रत्येक अर्जाला आम्ही आत जायचो, संबंध सांगायचो आणि बाहेर यायचो. शेवटी लटारूभाऊ म्हणाले, "मी इथूनच सांगतो जी, आहे म्हणून."

इकडे नाटकाचा दिवस जवळ आला. गावच्या नाट्य मंडळाचा अध्यक्ष हेमराज घाम पुसत आला. थंडीत घाम म्हणजे काही तरी मोठंच.

"बायनाबाई, वडशाहून कंपनीचा मॅनेजर येऊन गेला. उकिरडा पाहून म्हणते, हा हटला नाई तं तारीख दुसऱ्या गावाले देतो. मागल्या सालचा बाप म्हणते, मी त्या गावात परत मरणार नाई."

"मंग?"

"मंग काय! नाटक गेलं तं लोक काय म्हणतील? बायनाबाई अध्यक्ष होती अन् गावाचं नाटक गेलं!"

ते मात्र लागलं. नवरा गेला तेव्हाही गावानं मला रडताना पाहिलं नाही. दोन सुना आल्या, त्यांनाही मी भांडणात जिंकू दिलं नाही. आणि आता माझ्या नावावर नाटक जाणार? पुढच्या पिढ्या म्हणणार, 'बायनाबाईच्या साली नाटक नव्हतं'? दुष्काळाचं साल सांगतात तसं?

मी प्रणितला बोलावून घेतलं. "साहेब, तोड काढा."

त्यानं तोड काढलेलीच होती. म्हणाला, "बाई, नाल्यापलीकडच्या गावातही कचरा समिती आहे. त्यांच्याही इथे हेच झालं. तर त्यांच्या समितीनं आपलं ठरवायचं, आपण त्यांचं. त्यांचा इथे कुणाशी संबंध नाई, आपला तिथे नाई."

मी त्याच्याकडे पाहिलं. माजरीचा पोरगा, बाप कोळशाच्या खाणीत, क्वार्टरमध्ये वाढलेला. एका भिंतीपलीकडे बिहारचा माणूस, दुसऱ्या भिंतीपलीकडे आंध्राचा. त्याला काय माहीत, नाल्यापलीकडच्या गावात आमच्या गावानं लेकीच दिल्या आहेत. आमच्या लेकी तिकडे, त्यांच्या लेकी इकडे. नाल्यात पाणी कमी, सोयरीक जास्त. पण मी बोलले नाही. एकदा त्याला स्वतःच पाहू दे.

त्यांची समिती आली. पाच माणसं यायची होती, सतरा आली, कारण समिती येते आहे तर चला लेकीला भेटून येऊ म्हणून बाकीचे गाडीत बसले. गावाच्या तोंडाशीच रुखमाबाईची पोरगी आईच्या गळ्यात पडून रडली. ती तिथली सदस्य होती. श्रीहरीचा व्याही तिथला अध्यक्ष. व्याही दारात आला म्हटल्यावर श्रीहरीच्या अंगात आलं. पाय धुवायला पाणी, कपाळाला टिळा, खांद्यावर दुपट्टा. प्रणित मध्ये मध्ये फिरत होता, "हे काय? हे काय? तुमचा यांच्याशी काही..." आणि स्वतःच थांबत होता.

व्याही उपाशी कसा जाईल? लाखोळीच्या डाळीचे वडे निघाले. दोन कोंबड्या कापल्या, मग पाहुणे मोजून आणखी तीन. अख्ख्या गावानं पत्रावळी वाढल्या. जेवणं झाली, पान झालं, मग पाहुणी समिती पंचायतीच्या खोलीत गेली. प्रणितनं पहिला अर्ज वाचला. श्रीहरीचा व्याही उठला.

"साहेब, मी इथी बसून चैतूचं नाव काढलं तं बायनाबाईचा संघपाल नाराज. संघपालचं काढलं तं चैतू नाराज, अन् माहेरात भांडण लावलं म्हणून माही सून आठ दिवस बोलणार नाई. आमचा संबंध आहे जी. आमी बाहेर जातो."

त्यांचे पाच आमच्या चार माणसांत चिंचेखाली येऊन बसले. श्रीहरीनं आणखी एक सतरंजी मागवली. आत प्रणित एकटा. नूतन चहा घेऊन आत गेली.

पाहुणे गेल्यावर त्या सगळ्या पत्रावळी, द्रोण, कोंबड्यांची पिसं कुठे गेली असतील? उकिरड्यावर. ज्याचा निकाल लावायला समिती बोलावली होती तो उकिरडा त्या समितीनं कंबरेएवढा वाढवून ठेवला. हेमराज मैदानात उभा राहून नुसता पाहत होता. एक कावळा पत्रावळ घेऊन नेमका स्टेजच्या जागेवर बसला.

"आता?" मी प्रणितला विचारलं.

"वरच्या ऑफिसला फोन लावला होता जी," तो म्हणाला. आवाज खोल गेला होता. "ते म्हणाले, आपल्या स्तरावर निर्णय घ्या."

"मंग घ्या ना तुमच्या स्तरावर."

"म्हणजे?"

तेव्हा मला ते सुचलं. आणि सुचल्यावर इतकं सोपं वाटलं, की आधी काऊन नाही सुचलं म्हणून स्वतःचाच राग आला. मी चिंचेखाली उभी राहिले. निम्मं गाव जमलेलं होतंच.

"ऐका जी सगळे! ज्याचा कोणाशी काही संबंध नाई असा या गावात एकच माणूस आहे. ना साळा, ना मेव्हणा, ना बांधी, ना व्याही. हा प्रणित! मी बायनाबाई सांगून राह्यली, याचा या गावात कोणाशी काहीच संबंध नाई. हा ठरवंल ते खरं!"

सगळ्या झाडाखाली एकदम खोकला आला. श्रीहरी खोकला, रुखमाबाई खोकली, हेमराजनं तर तोंडावर रुमाल धरला. मला वाटलं थंडीचे दिवस आहेत, त्यात त्या उकिरड्याची हवा.

प्रणित लाल झाला. "मी... मी नको बाई."

"काऊन? तुमचा आहे का कोणाशी संबंध?"

तो माझ्याकडे पाहू शकला नाही. चिंचेच्या शेंड्याकडे पाहून म्हणाला, "ना... नाई जी."

"मंग जा आत."

तो आत गेला, दार लावलं. आम्ही बाहेर. बराच वेळ झाला. लटारूभाऊंची एक झोप झाली. मग दार उघडलं आणि प्रणितनं मान खाली घालून वाचलं, "काम रुखमाबाईच्या बचत गटाला देण्यात येत आहे."

रुखमाबाईचा गट आनंदानं ओरडला. चैतू म्हणाला, चला, शिलिंडर तरी सुटणार नाही. संघपालनं पाठ फिरवली. ट्रॅक्टर सुरू केला आणि ती हिरवी ट्रॉली घेऊन निघून गेला. मागे पिवळ्या अक्षरांत माझं नाव हलत हलत गेलं. मला वाईट वाटलं, पण मनात म्हटलं, असा निर्णय हवा. अध्यक्षाच्या पोराला डावललं! आता कुणाची माय माझ्याकडे बोट दाखवेल? मी मान ताठ करून घरी गेले.

बायकांनी दुसऱ्या दिवशी पहाटेपासून कंबर कसली. ढकलगाड्यांच्या खेपांवर खेपा. उकिरडा असा गेला, की गावातल्या डुकरांना दोन दिवस रस्ता सापडेना. नाटक झालं. बाप मेला तो थेट मेला, पडदा पडेपर्यंत हलला नाही. बायका पोटभर रडल्या. कंपनीचा मॅनेजर जाताना मला म्हणाला, "बाई, पुढल्या सालची तारीख आत्ताच लिहून घ्या." मी म्हटलं, "पाहू." लगेच हो म्हणणारी बाई मी नाही.

आणि नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारासमोर गाडी थांबली.

गाडीतून एक जाडसर, हसऱ्या तोंडाची बाई उतरली, तिच्यामागे खाणीतून निवृत्त झालेला एक शांत माणूस, आणि त्यांच्यामागे इस्त्रीच्या शर्टात प्रणित.

"जयभीम, माय," बाई म्हणाली. "मी उर्वशी. प्रणितची आई. नाटक पाहाले आलो होतो, म्हटलं तुमच्याही घरी जावं."

पाहुणे आले म्हणून मी पाणी दिलं, खुर्च्या मांडल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आमच्या अंगणातल्या जांबाच्या झाडाखाली श्रीहरी, रुखमाबाई, लटारूभाऊ आणि हेमराज आधीच येऊन बसले आहेत. मी बोलावलेलं नव्हतं.

"तुमी काऊन आले?"

"असेच," श्रीहरी म्हणाला. "ऊन चांगलं आहे तुमच्या इथी."

आत उर्वशीबाईनं इकडचं तिकडचं बोलणं केलं आणि मग म्हणाली, "माय, तुमची नूतन आमच्या प्रणितच्या मनात आहे. तिच्याही मनात आहे म्हणते तो. तुमी हो म्हणाल तं..."

सूनबाईच्या हातातून पोह्यांची ताटली खाली पडली. संघपाल भिंतीला टेकून बसला होता, तो ताठ झाला. मी नूतनकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीवरचा एक खिळा मन लावून पाहत होती. मग मी प्रणितकडे वळले.

"साहेब."

"जी."

"तुमचा हिच्याशी काही संबंध?"

त्यानं घसा साफ केला. "आहे जी. म्हणजे... व्हावा अशी इच्छा आहे."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"कचऱ्याचं काम कोणाले द्याचं ते तुमी ठरवलं, ते?"

"दिवाळीनंतर," तो पुटपुटला.

बाहेर जांबाखाली परत खोकला आला. आता मला कळलं, थंडीचा नव्हता तो. सगळ्या गावाला माहीत होतं. बसवरून उतरून आत जाणारी नूतन सगळ्यांना दिसत होती, फक्त मी चहा गरम आहे म्हणून बसले होते. आणि मीच, मी बायनाबाईनं, भर चिंचेखाली हात वर करून शपथ घेतली होती, की याचा कोणाशी काही संबंध नाही!

"पण बाई," प्रणित घाईघाईनं म्हणाला, "मी तुमच्या घरचा फायदा नाई केला. उलट संघपालभाऊंचा अर्ज मी पहिलेच बाजूला ठेवला. वाचलाही नाई. कोणी म्हणू नये म्हणून."

"वाचलाही नाई?" संघपाल उभा राहिला. "माही ट्रॉली रंगवलेली! माहा ट्रॅक्टर गावात सगळ्यात नवा! अन् याले माही पोरगी पाहिजे म्हणून माहा अर्ज वाचला नाई? माय, हा मले जवाई नको!"

"भाऊ, मी नियमानं..."

"नियमानं? नियमानं तं तू त्या दिवशी बाहेर पाहिजे होता!"

आयुष्यात पहिल्यांदा संघपाल बरोबर बोलला. मीसुद्धा थक्क झाले.

"थांबा," मी म्हटलं. "आता हा विषय माह्या घरचा आहे, इथी अध्यक्ष मी आहे. साहेब, नियम काय म्हणते? ज्यांचा संबंध असेल त्यांनी?"

प्रणितनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तो उठला. "बाहेर जावं," म्हणाला आणि बाहेर जाऊन जांबाखाली उभा राहिला. श्रीहरीनं सरकून त्याला सतरंजीवर जागा दिली.

नूतनही चौकट सोडून उठली. "आजी, माहाही संबंध आहे." आणि गेली बाहेर. एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून महिन्याभरात ऐकलं नव्हतं.

उर्वशीबाई हसत उठली. "मंग मी तं त्याची माय आहे." तिच्यामागे तिचा नवरा. सूनबाईनं सांडलेले पोहे गोळा केले आणि तीही डोळे पुसत निघाली, पोरीची आई म्हणून. संघपाल फणफणत होता, पण आत माझ्यासोबत एकटं राहण्यापेक्षा त्याला बाहेर बरं वाटलं.

आत मी उरले. रिकाम्या खुर्च्या, थंड होत चाललेला चहा. आणि मला त्या दिवशीचा प्रणित आठवला, एकटा, गारठलेला, ठरावाच्या वहीसमोर. बिचारा खरं बोलायला घाबरला तो माझ्यापायीच असणार. मला घाबरत नाही असा माणूस या तालुक्यात कमी आहे. पण म्हणून सोडून द्यायचं?

मी पदर खोचला आणि उंबऱ्यावर येऊन उभी राहिले. ना आत, ना बाहेर. जांबाखाली सगळे माझ्याकडे वळले. लटारूभाऊंनीसुद्धा टोपी वर केली.

"साहेब," मी म्हटलं, "उभे राहा अन् ऐका. या गावात संबंध सगळ्याइचे आहेत. पण आमी ते तोंडानं सांगितले अन् बाहेर जाऊन बसलो. तुमी एकटेच न सांगता आत बसले. पोरगी तुमची, देल्ली मी. पण तुमचा ठराव रद्द. सोमवारी समिती परत बसंल, तिन्ही अर्ज मोठ्यानं वाचंल, अन् कोण कोणाचा काय लागते ते सांगून सगळ्याइच्या समोर ठरवंल. तवापर्यंत रुखमाबाईच्या गाड्या चालू राहतील. अन् सोमवारी तुमी आत यायचं नाई. तुमी एकटे चिंचेखाली बसाल. चहा घेऊन नूतन येणार नाई, जवाईबापू. मी येईन."